केस नंतर बघा, आधी पट्टी बघा

होळी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. केसगळती आणि वांग मागे पडतात आणि ‘ताई, लॅशेस’ सुरू होतं, म्हणजे पापण्यांना चिकटवायचे कृत्रिम केस. या खेपेला ती सगळी पत्रं एकत्रच घेतली आहेत, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ एक आहे. दुकानात गेल्यावर बायका लॅशचे केस बघतात: दाट आहेत का, लांब आहेत का, टोकं वळलेली आहेत का. ते केस ज्या बारीक दोऱ्यावर बसवलेले असतात, ती पट्टी कोणी बघत नाही. पण डोळ्याला चिकटते ती पट्टी, आणि टोचते तीही पट्टीच.

माझं लग्न मे महिन्यात आहे, कराडजवळच्या एका मंगल कार्यालयात. मुहूर्त सकाळी साडेअकराचा. साखरपुड्याला आर्टिफिशियल लॅशेस लावल्या होत्या, पण अर्ध्या तासात दोन्ही डोळ्यांची आतली टोकं सुटली आणि सगळ्या फोटोंत ती उभी दिसतायत. लग्नासाठी चांगला ग्लू कोणता घेऊ? मला चष्माही आहे, पण लग्नात लावणार नाही. – एक वाचक, कराड

अगं, ग्लू बदलून फारसा फरक पडणार नाही. आतलं टोक सुटलं म्हणजे बहुतेक पट्टी लांब पडली असणार. पाकिटातली लॅश सगळ्यांसाठी एकाच मापाची येते आणि बऱ्याच जणींच्या डोळ्याला ती मोठीच होते. रेडिमेड ब्लाउज बाजूने दाबून घेतल्याशिवाय आपण घालत नाही ना, मग ही न कापता कशी लावायची?

ग्लू न लावता, कोरडी लॅश चिमट्याने धरून डोळ्यावर ठेवून बघ. आतली बाजू डोळ्याच्या कोपऱ्यात न्यायची नाही. तिथून दोन-तीन मिलिमीटर सोडून, जिथे तुझ्या स्वतःच्या पापणीचे केस सुरू होतात, तिथे ती सुरू झाली पाहिजे. बाहेरच्या बाजूला तुझा शेवटचा केस जिथे आहे तिथे संपली पाहिजे. उरेल ते बाहेरच्या टोकाने काप. आतल्या बाजूचे केस मुद्दाम आखूड केलेले असतात. ती बाजू कापलीस तर लांब केस नाकाजवळ येतात आणि दिवसभर टोचत राहतात. कात्री दोन झुपक्यांच्या मधे चालव, झुपका अर्धा कापला तर त्याचे केस गळायला लागतात.

नवी पट्टी ताठ असते आणि सरळ व्हायला बघते. पापणीची कड मात्र गोल. म्हणून लावण्याआधी ती ब्रशच्या दांड्याला गुंडाळून दोन-चार मिनिटं तशीच ठेव. एवढ्यानेच टोकं उचलण्याचा निम्मा त्रास जातो.

आता लावायचं कसं ते. आयशॅडो आधी उरकून घे, नाहीतर त्याची पूड लॅशवर बसते. पापणीच्या कडेला मॉइश्चरायझरचा किंवा काजळाचा तेलकटपणा असेल तर कापसाच्या काडीने पुसून काढ, तेलावर ग्लू धरत नाही. तुझे स्वतःचे केस कर्लरने वळवून त्यावर मस्काराचा एक हात दे आणि वाळू दे. पट्टीवर ग्लूची बारीक रेघ ओढ, दोन्ही टोकांना जरा जास्त. आणि मग थांब. साधारण अर्धा ते पाऊण मिनिट. पांढरा ग्लू कडेने पारदर्शक दिसायला लागला की तो चिकट झाला. ओला ग्लू लावला तर लॅश घसरते, मग आपण ती बोटाने ढकलतो आणि सगळी पापणी बरबटते. घाई होते ती इथेच.

आरसा चेहऱ्यासमोर नको, छातीशी धर आणि नजर खाली टाक. पापणी ताणलेली राहते आणि डोळा मिटावाही लागत नाही. आधी मधला भाग, मग बाहेरचं टोक, शेवटी आतलं. पट्टी कातडीवर वर चढता कामा नये, केसांच्या मुळांना लागून बसली पाहिजे. मग तुझे केस आणि लॅश चिमटीत धरून हलके दाब. मधे फट दिसली तर लायनरने भर.

तुझ्या लग्नात ती खरी सुटू शकते लाजाहोमाच्या वेळी. धुराने डोळ्यांत पाणी येतं आणि ते नेमकं आतल्या कोपऱ्यात साठतं, कारण अश्रू वाहून नेणाऱ्या नळीची तोंडं तिकडेच असतात. म्हणून आत ते दोन-तीन मिलिमीटर सोडायचे. पाणी आलं तर पुसू नकोस, टिश्यूची घडी करून खालच्या पापणीच्या कडेला टेकव, पाणी आपोआप टिपलं जातं. छोटा ग्लू आणि चिमटा करवलीच्या पर्समधे असू दे.

कुठल्या धाटणीची घ्यायची तेही सांगते, कारण पार्लरमधे तुला बाहेरच्या टोकाला लांब होत गेलेली, मांजरीसारखे डोळे दिसणारी लॅश सुचवतील. मुंडावळ्यांखाली ती मला पटत नाही. वाकलीस की मुंडावळीची सर गालाशी झुलते आणि बाहेरच्या लांब केसांना घासते. मधे थोडी लांब आणि दोन्हीकडे उतरत गेलेली घे. शिवाय आपल्याकडची नवरी निम्म्या फोटोंत खाली बघत असते. गौरीहराशी बसलेली, सप्तपदी चालताना, सासूबाई ओटी भरताना. खाली बघितलं की पापणीची वरची बाजूच कॅमेऱ्याला दिसते आणि जाड काळी पट्टी तिथे चिकटवल्यासारखी उठून दिसते. पातळ दोऱ्याची किंवा पारदर्शक पट्टीची घेतलीस तर ती अडचण राहत नाही. चष्म्याचं म्हणशील तर रिसेप्शनला लावणार असलीस तर घरीच लॅश लावून, चष्मा घालून डोळ्यांची उघडझाप करून बघ. केस काचेला लागले तर काचेवर मस्काराच्या रेघा उठतात.

पाठवणीच्या रडण्याला मात्र कुठलाच ग्लू पुरत नाही. तेव्हा सुटली तर काढून ठेव आणि मोकळी रड.

मी लावणी करते. स्पर्धेत आणि कार्यक्रमांत एकावर एक दोन जोड्या लावायची आमच्यात पद्धत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या लावणीला घामाने वरची जोडी सरकते. मैत्रिणी म्हणतात मिशा चिकटवायचा स्पिरिट गम वापर, हलणार नाही. वापरू का? – एक वाचक, सोलापूर

नाही. पुन्हा एकदा नाही. स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमधे विरघळवलेली राळ. तो ओठाच्या वरच्या कातडीसाठी आहे. डोळ्याच्या कडेला त्याची वाफसुद्धा झोंबते आणि काढायला जे द्रावण लागतं ते डोळ्याजवळ नेण्यासारखं नसतं. तुझ्या घुंगरांपेक्षा डोळे जपण्याची गरज जास्त आहे.

दोन जोड्या लावायला मात्र माझी ना नाही. बालगंधर्व रंगमंदिरात लावणीचा कार्यक्रम असला की मी मुद्दाम मागच्या रांगेत बसून चेहरे बघते. तिथून एका साध्या लॅशचा पत्ता लागत नाही. लावणीत अदा डोळ्यांची, आणि डोळा मिटला की उघडा आहे हे मागच्या माणसाला कळलं पाहिजे. ते काम लॅशचं. समोरून आणि वरून येणाऱ्या दिव्यांत पापणीची सावली गालावर पडते, तीही लांबून डोळा मोठा दाखवते. पण त्याच सावलीमुळे फार लांब लॅश घातली तर बुबुळ झाकून जातं. म्हणून तुझ्यासाठी दाट हवी, फार लांब नको.

तुम्ही दोन जोड्या एकीवर एक चढवता, चूक तिथे होते. वरची जोडी खालच्या जोडीच्या केसांवर टेकलेली असते, कातडीला तिचा आधार नसतो. ती घामाने जाणारच. घरी, आदल्या दिवशी, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून ग्लूने जोडून टाक आणि पूर्ण वाळू दे. कार्यक्रमाच्या दिवशी ती एकच पट्टी म्हणून लागते. लावताना पट्टीवर ग्लूचा एक हात देऊन पूर्ण वाळव, मग त्यावर दुसरा हात देऊन चिकट झाल्यावर लाव. पापणीच्या कडेला आधी अगदी थोडी पावडर टिपून घे. घाम कपाळावरून उतरतो, म्हणून दोन लावण्यांच्या मधे भुवयांच्या वर टिपत राहा, डोळ्याला हात नको.

आणखी एक गोष्ट, जी तू विचारली नाहीस. मेकअपरूममधे लॅशेस अदलाबदल होतात हे मला माहीत आहे. एकीची उरली, दुसरीने लावली. डोळे येण्याची साथ एका आरशापासून दुसऱ्यापर्यंत जायला याहून सोपी वाट नाही. प्रत्येकीची डबी वेगळी, डबीवर नाव. एक जोडी नीट ठेवली तर अनेक कार्यक्रम चालते: पट्टीवरचा वाळलेला ग्लू चिमट्याने सोलून काढायचा, केस ओढायचे नाहीत, मग कापसावर मेकअप रिमूव्हर घेऊन पुसायची आणि पाकिटातल्या त्या वळणदार साच्यावरच परत ठेवायची. पट्टी वाकडी झाली किंवा केसांत फटी पडल्या की ती टाकून द्यायची, मग ती कितीही महागाची असो. रोज लागत असतील तर तुळशीबागेत किंवा क्रॉफर्ड मार्केटला साध्या जोड्या एकदम घेतलेल्या परवडतात. रंगमंचासाठी महागड्या मिंकच्या लॅशची काही गरज नाही. तो प्राण्याचा केस, त्याच्या हलकेपणाची किंमत असते, आणि हलकेपणा मागच्या रांगेतून दिसत नाही. साधी कृत्रिम धाग्याची लॅश उष्णतेत आणि घामात आपलं वळण जास्त धरून ठेवते.

मुलाचं लग्न ठरलंय. माझं वय 54. पापण्या जरा खाली उतरल्यात आणि केसही विरळ झालेत. सून म्हणते, आई, लॅशेस लावा. मला भीती वाटते की नाटकातली वाटेन. आणि खरं सांगू, चष्मा काढला की आरशात मला माझा डोळाच दिसत नाही, मग लावणार कशी? – एक वाचक, नाशिक

शेवटची अडचण फार खरी आहे आणि ती कोणी लिहीत नाही. जवळचं दिसायचा चष्मा लागला की डोळ्याचा मेकअप हा आंधळी कोशिंबीर होतो. मोठं दाखवणारा टेबलावरचा आरसा घ्या, त्याने बराच प्रश्न सुटेल.

उरलेला प्रश्न कात्रीने सोडवा. पूर्ण लॅश घेऊन तिचे तीन तुकडे करा. प्रत्येक तुकडा वेगळा लावायचा: आधी बाहेरचा, मग त्याच्या शेजारी मधला. तिसरा आतला लावूच नका, ठेवून द्या. छोटा तुकडा हातात राहतो, वाकडा लागला तर तेवढाच काढता येतो, आणि पापणीच्या वळणाबरोबर वळतो. नुसता बाहेरचा एक तुकडा लावला तरी डोळा उचलल्यासारखा दिसतो. लग्नात वरमाईला एवढं पुरे.

खाली उतरलेल्या पापणीला लांब आणि जास्त वळलेली लॅश नको. डोळा उघडला की तिची टोकं वरच्या घडीला टेकतात आणि सारखं काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. डोळा मिटून सुंदर दिसणारी लॅश उघडल्यावर गायब होते ती याच घडीमुळे. तेव्हा पारख करताना डोळे उघडे ठेवून, सरळ समोर बघून करा. आखूड, विरळ आणि काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्या. कोणाला कळणार नाही, सुनेला सोडून.

लॅशेस लावल्या की तासाभरात पापणी लाल होते आणि खाजते. मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, त्यामुळे असेल का? – एक वाचक, ठाणे

लेन्सपेक्षा ग्लूवर माझा संशय जास्त आहे. पट्टीच्या लॅशचे बरेच ग्लू नैसर्गिक रबराच्या चिकापासून, म्हणजे लेटेक्सपासून करतात. फुगे फुगवताना ओठ सुजणं, रबरी हातमोज्यांनी हात खाजणं असं तुम्हाला कधी झालं असेल, तर उत्तर तिथेच आहे. ‘लेटेक्स-फ्री’ लिहिलेला ग्लू घ्या. तोही थेट डोळ्याला नको. कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून दोन दिवस वाट बघा. पाकिटाबरोबर फुकट येणारी ग्लूची चिमुकली ट्यूब मी उघडतही नाही, कारण तिच्यावर बहुतेक वेळा कशापासून बनवलाय हेच लिहिलेलं नसतं. घरातला झटकन चिकटणारा गम वापरल्याच्या कथा मी ऐकल्या आहेत. त्या इथे सांगत नाही, फक्त हात जोडते. आणि ग्लू बदलूनही लाली राहिली, किंवा दुखायला, अंधुक दिसायला लागलं, तर पुढची चाचणी माझ्या सदरात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

लेन्सचा क्रम मात्र पक्का लक्षात ठेवा. लेन्स सगळ्यात आधी, स्वच्छ हातांनी घालायची, मग मेकअप आणि लॅश. रात्री लेन्स आधी काढायची आणि मगच लॅश, कारण ग्लू सोडवणारं तेलकट रिमूव्हर लेन्सवर बसलं की ती धुऊनही नीट होत नाही. काढताना रिमूव्हरचा कापूस मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसता टेकवून ठेवायचा. पट्टी सैल झाली की बाहेरच्या टोकाकडून हळूच. कोरडी ओढली तर तुमचे केस तिच्याबरोबर येतात.

रोज व्हिडिओ कॉल असतात, रोज मेकअप करायला वेळ नाही. लॅश एक्स्टेन्शन करू का? – एक वाचक, हिंजवडी

करायचं तर आधी समजून घे. यात तुझ्या एकेका केसावर एकेक कृत्रिम धागा चिकटवतात. दीड-दोन तास डोळे मिटून पडावं लागतं. तुझे केस त्यांच्या क्रमाने गळतात, धागे त्यांच्याबरोबर जातात, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी भरून घ्यावे लागतात. खर्चाचा हिशेब पहिल्या दिवशीच्या रकमेवर करू नकोस, वर्षाचा कर. यातला ग्लू वेगळा, सायनोअॅक्रिलेट जातीचा, लागला तर घरी काढता येत नाही. तेल त्याचा शत्रू. त्यामुळे रविवारी डोक्याला भरपूर तेल थापून झोपायची सवय असेल, रात्री काजळ घालत असशील, किंवा पालथी झोपत असशील, तर पैसे वाया जातील. ‘धक्का लागेल’ म्हणून बायका पापणीची कड धुणंच सोडतात, मग तिथे कोंडा साठतो आणि कड सुजते. तू रोज धुणार असशील तर कर.

लांबी मात्र आटोक्यात ठेव. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2015 साली बावीस जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश निघाली. कृत्रिम डोळा करून त्यावर वारा सोडल्यावर दिसलं की तेवढ्या लांबीला डोळ्यावरचा ओलावा सगळ्यात कमी उडतो. केस त्याहून लांब झाले की तेच वारा आत ओढतात. तू दिवसभर एसीत, पडद्याकडे टक लावून बसणार. त्यात डोळे आणखी कोरडे कशाला करतेस?

केमोथेरपीत माझे पापण्यांचे सगळे केस गेले. महिन्याने भाचीचं लग्न आहे. तिथे सगळ्यांनी माझ्याकडे दयेने बघू नये एवढीच इच्छा आहे. मॅग्नेटवाल्या लॅशेस बऱ्या का? – एक वाचक, मिरज

ताई, आधी एक फोन तुमच्या डॉक्टरांना. केमोच्या काळात पांढऱ्या पेशी कमी असतील तर डोळ्याचा साधा संसर्गही जड जातो, तेव्हा परवानगी त्यांचीच घ्या. ते हो म्हणाले तर पुढचं वाचा.

मॅग्नेटच्या लॅशेस दोन जातीच्या. एकीत वर-खाली दोन पट्ट्या असतात आणि त्या आपल्या केसांना मधे धरून ठेवतात. केसच नसताना त्या बसणार नाहीत. दुसरीत लोहाचे कण असलेलं लायनर आधी लावायचं आणि त्यावर लॅश टेकवायची. ही बसेल, पण लायनर जाड लावावं लागतं आणि धुताना चोळावं लागतं. तुमची कातडी सध्या नाजूक आहे. आणि एमआरआय काढायचा असेल तर मॅग्नेटची लॅश आणि ते लायनर दोन्ही पूर्ण काढूनच आत जायचं, विसरू नका.

मी तुमच्यासाठी आखूड केसांची, पारदर्शक पट्टीची साधी लॅश आणि लेटेक्स-फ्री ग्लू घेईन. केस नसल्याने पट्टी कुठे ठेवायची हे कळत नाही, आणि ती वर चढते. म्हणून डोळा उघडा ठेवून, मऊ तपकिरी पेन्सिलीने पापणीच्या अगदी कडेला बारीक ठिपके काढा. त्या ठिपक्यांवर पट्टी. वरून तीच पेन्सिल बोटाने पसरवा, म्हणजे मुळं असल्यासारखी सावली तयार होते. भुवयाही गेल्या असतील तर आधी त्या भरा. चेहरा ओळखीचा वाटतो तो पापण्यांपेक्षा भुवयांनी. आठवडाभर आधी घरी एकदा तासभर लावून बघा. आणि कार्यालयाच्या बाहेर, धुळीत, साधा चष्मा वापरा, कारण धूळ अडवणारे केस सध्या नाहीत. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ते बहुतेक जणींना परत येतात. आधी बारीक, मग नेहमीसारखे.

मुलगी 11 वर्षांची आहे. पाडव्याच्या शोभायात्रेत तिचं लेझीम पथक आहे आणि सगळ्या मुलींनी लॅशेस लावायच्या असं ठरलंय. कुठल्या घेऊ? – एक आई, डोंबिवली

कुठल्याच नाही. उन्हात, धुळीत, लेझीम दोन्ही हातांत असताना पट्टी सुटली तर ती सावरणार कशाने? काजळाची एक रेघ, नथ, नऊवारी आणि पाण्याची बाटली द्या. पथकाच्या बाईंना सांगायला संकोच वाटत असेल तर हे पान दाखवा.